कूलर बंद ठेवा म्हणालो होतो

प्रिय मामा,

तुमच्याच खोलीत बसून लिहितोय. दोन वर्षं टाळलं. आज टाळता येत नाही, कारण फोटो साठवायच्या तुमच्या त्या काळ्या डब्याची जोडणी सकाळपासून एकदाही तुटली नाही. घरातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर तुमच्या हिंगणीच्या शाळेचे वर्गफोटो धडाधड उघडताहेत. आणि मला माझीच किळस येतेय.

रिटायर झाल्यावर सगळे जुने फोटो त्या एका डब्यात साठवायचे, एवढंच तुम्हाला हवं होतं ना? उन्हाळा लागला की फोटो चढता चढता मध्येच जोडणी तुटायची. मी तीनदा आलो. वायरी बदलल्या, विंडोज दोनदा टाकलं, व्हायरसला शिव्या दिल्या. एकदा तर काम अर्धवट सोडून दोस्तांसोबत बोर धरणावर मासे खायला गेलो आणि तिकडेच दोन दिवस राहिलो. मरळ होती, लय भारी. बघा, मासा अजून आठवतो! कसला माणूस आहे मी?

तुम्ही तर कारण सांगितलंही होतं. "गजू, कूलर लावला का डबा जाते, पाह्य बरं." वहीत वेळासुद्धा मांडल्या होत्या. मी हसलो. "मामा, तुमी भूमिती पाहा, हे माह्यावर सोडा."

मग मी मोबाइल टावरच्या कामाला चंद्रपूरला गेलो. तिथं तुमचा फोन आला, "काऊन तुटते रे अजून?" माझा चहा थंड होत होता. म्हणालो, "मंग कूलर बंद ठेवत जा ना."

आणि तुम्ही ठेवलात. मे महिन्यात, वर्ध्यात!

मामी म्हणायची, "अवो, लावा ना कूलर, जीव जाईन." तुमचं एकच, "थांब, सातवीच्या वर्गाचे फोटो चढू दे." तिसऱ्या दिवशी ऊन लागलं. दवाखाना गाठेपर्यंत तुम्ही नव्हतात.

तेरवीला लोक म्हणाले, मास्तर चिक्कू, लाइटबिल वाचवून राह्यले होते. फोटोंचा अन् कूलरचा संबंध मामीला ठाऊक नव्हता, तिलाही तेच खरं वाटलं. मी तिथंच पंगतीत होतो. दोन लाडू खाल्ले आणि गप्प बसलो. थू माझ्यावर.

आज काय केलं सांगू? डबा अन् कूलर एकाच बोर्डावर होते. कूलरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं अन् डबा बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. डब्याची पिन काढून पलीकडच्या खोलीत लावली. झालं, कूलरही चालू अन् डबाही चालू. दहा मिनिटांचं काम.

पण मामा, तुम्ही तरी का ऐकलंत? जन्मभर पोरांची उत्तरं तपासलीत. माझंच एक न तपासता बरोबर धरलंत?

मामी आत भाकरी थापतेय. उठतो आणि सांगतो तिला, की तुम्ही बिल वाचवत नव्हता, माझं ऐकत होता. ती हाकलेल मला. हाकलू दे. ओसरीत बसेन, पण या वेळी गाव सोडून पळणार नाही, हा शब्द तुम्हाला.

तुमचा भाचा,
गजू