जावयाच्या पट्ट्या

रविवार, १ सप्टेंबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तू येऊन चार दिवस झाले आणि मी तुझं तोंड पाहिलेलं नाही. मधे दोन कुंपणं आणि शंभर पावलं. अठरा वर्षं मधे समुद्र होता ते परवडलं, त्याच्यापलीकडचं निदान ऐकू तरी येत नव्हतं. आता तुमच्या तबेल्यातलं खिंकाळणं सुद्धा ऐकू येतं. आमचे मुकादम म्हणतात, परदेशी घोडे आणि त्यांची माणसं शर्यतीपर्यंत आतच राहणार, इकडचा रोग तिकडे नको नि तिकडचा इकडे नको. मी विचारलं, माझा भाऊ काय रोग आहे का. हसले नाहीत. पण घोड्यांच्या पायाला बांधायच्या पट्ट्या धुवायला येतात-जातात त्या टोपलीतून चिठ्ठी गेली तर चालेल म्हणाले. तेव्हा धुतलेल्या पट्ट्यांच्या तळाशी बघत जा.

तुमच्या घोड्याला आम्ही धुलाईघरात जावई म्हणतो. विमानातून आला, स्वतःचं गवत घेऊन आला, पाणीसुद्धा पिंपं भरून आणलं. इथलं पोटाला सोसत नाही म्हणे. बाहेरून आणखी पाच घोडे आलेत, पण एवढा मान कुणाचा नाही. आता रुसून बसायचं तेवढं बाकी आहे.

मला एक सांग. कमानीपाशी वजनांची यादी लावली आहे. तुमच्या जावयापुढे सगळ्यात मोठा आकडा का? जो पळतो त्याच्याच पाठीवर ओझं, हा कुठला न्याय?

पट्ट्या मीच धुते, दुसरीला हात लावू देत नाही. कामावर घेताना कारकुनाने नियमांची तीन पानं दिली होती, मुंगीएवढ्या अक्षरांची. मी सगळी वाचली, खाली 'वाचले, समजले' असं लिहून सही ठोकली. मास्तरांच्या अंगावर पाटी फेकून शाळा सोडली तेव्हा तू पाळण्यात होतास, पण तुझी ताई आता अगदीच अडाणी नाही हो.

मनगटं तेवढी ठणकतात. गरम पाण्याचं काम.

माया आहेच, ती लिहून काय दाखवायची.

तुझी ताई

---

बुधवार, ४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जावयाच्या दावणीपाशी उभं राहून वाचलं. त्याला त्याचं नवीन नाव सांगितलं. कान मागे टाकले, म्हणजे पसंत नाही.

ओझ्याचं विचारलंस. ताई, ही शर्यतच तशी. चांगल्या-वाईट सगळ्यांना जिंकायची सारखी संधी मिळावी म्हणून चांगल्या घोड्याच्या जिनाखाली शिसं वाढवतात आणि कच्च्याला हलकं सोडतात. सुरुवातीला काही वाटत नाही. पण दोन मैल पळायचं असतं. शेवटच्या पाव मैलात शिसं बोलायला लागतं. आमचे ट्रेनर म्हणतात, तेवढं ओझं मिळणं हाच मान. घोड्याला कोण विचारतो!

सहा वर्षं मी त्याचे पाय बांधतोय. माझ्याशिवाय त्याच्या पायाला कुणी हात लावत नाही, ट्रेनरसुद्धा नाहीत. खोड एकच, बांधलेली पट्टी दातांनी सोडवून चघळत बसतो. पान खाल्ल्यासारखा.

एक गंमत सांगतो. तुझ्या पट्ट्यांना घरचा वास येतो. ती पिवळी डबी, तिखट मलमाची, तू मनगटांना चोळायचीस ती. अजून तीच का गं? काल पट्टी नाकाशी धरून बसलो होतो, तर ट्रेनरनी विचारलं सर्दी झाली का. हो म्हणालो.

शर्यत पंधराला. मग एक दिवस सुट्टी. तुझ्याकडे येतो, पोटभर शिव्या घाल.

लोभाची तूट मला कधी पडली नाही, पडू देऊ नकोस.

तुझा धाकटा

---

शनिवार, ७ सप्टेंबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं ते शि. सा. न. वि. वि. वाचलं की कुणीतरी शिंकतंय असं वाटतं. पण असू दे. तेवढीच चार अक्षरं वाचायची वाचतात.

हो, तीच डबी. म्हणजे तशीच, कितवी ते विचारू नकोस. रबरी हातमोजे दिलेत, पण ते घातले की पट्टी पिळल्याचं बोटांना कळतच नाही. मी ते खुंटीला टांगले आहेत. खुंटीचे हात छान मऊ झाले असतील. आणि तू वासाचं लिहिलंस म्हणून कालपासून जरा जास्तच चोळते. मी नाही तर माझा वास तरी कुंपण ओलांडून जाऊ दे. घे, भरपूर घे.

आज सकाळी खिडकीतून जावई पळताना दिसला. मला घोड्यातलं काही कळत नाही, पण बाकीचे धावत होते आणि हा नुसता पुढे जात होता. नंतर त्याला धरून चालणारा टोपीवाला तू होतास ना? मी ओला टॉवेल हलवला. टोपीवाल्याने वळून पाहिलं नाही. तू नसशील तर बरं, असशील तर बघून घेईन.

धुलाईघरात सगळ्या म्हणतात जावईच मारणार. मी गप्प बसते. पण सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्याचे पाय माझा भाऊ बांधतो.

पंधराची वाट बघते. शिव्या पाठ करते आहे.

तुझी ताई

---

गुरुवार, १२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. जावयाला शर्यतीतून काढला. शर्यतीआधी रक्ताचा नमुना घेतात, त्यात काहीतरी सापडलं. दुखण्यावर चोळायच्या गरम औषधात असतं ते. घोड्याला शर्यतीआधी त्याची मनाई आहे. पायाला लावलं तर दुखणं लपतं म्हणून.

त्याच्या पायाला हात लावणारा मी एकटा, त्यामुळे प्रश्नच उरला नाही. शनिवारी अकराला पंचांच्या खोलीत चौकशी. ट्रेनर माझ्याशी बोलत नाहीत. दोषी ठरलो तर यापुढे कुठल्याच तबेल्यात उभं करणार नाहीत. मला दुसरं काही येत नाही हे तुला माहीत आहे. जावई आज दिवसभर दाराकडे बघत उभा आहे. पळायची वेळ झाली हे त्याला कळतं.

तू काळजी करू नकोस. ही टोपली शेवटची, पट्ट्या आता पाठवत नाही. आणि माझं चार तारखेचं पत्र फाडून टाक. विसरू नकोस. फाड.

तुझा धाकटा

---

गुरुवार, १२ सप्टेंबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कुणीतरी जळकं माणूस असणार. तुमच्या शेजारच्या घोड्याचा तो लाल केसांचा मोतद्दार, त्याचं लक्षण मला पहिल्यापासून बरं दिसत नाही. तू पंचांना त्याचं नाव सांग. तू साधा आहेस, तुला कुणीही विकून खाईल. नमुन्यात पण चुका होतात. बाटल्या धुताना एखादी राहते, मी धुलाईतली आहे, मला ठाऊक आहे.

इथे सगळं ठीक. साबण बदललाय. पहिल्यापेक्षा फेस कमी येतो. मुकादमांच्या मुलीचं लग्न ठरलं. माझे हात आता दुखत नाहीत.

तू नीट जेव.

तुझी ताई

---

शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. कालच्या दिवसात मी काय केलं ते सांगते.

मुकादमांकडून ती तीन पानं मागून आणली. त्यांना वाटलं बाईला वाचायची आवड लागली. इस्त्रीच्या टेबलावर पसरली आणि अक्षर अक्षर जोडत बसले. सकाळी सुरू केलं, दुपारी दुसऱ्या पानावर पोचले. चौथी ओळ. तिथेच होतं. ती पानं मी कधीच वाचली नव्हती, धाकट्या. कारकून समोर पेन घेऊन उभा होता, मागे बायकांची रांग होती. मला वेळ लागतो असं सांगायची लाज वाटली. म्हणून पानं उलटली, मान हलवली आणि 'वाचले, समजले' लिहिलं. ते दोन शब्द तेवढे झोकात लिहिता येतात मला.

पण खरी लाज त्याची नाही. खरी लाज परवाच्या पत्राची. तुझं वाचलं त्याच क्षणी मला कळलं होतं. गरम औषध म्हटल्यावर डबीच आली डोळ्यांपुढे. आणि तू पत्र फाड म्हणालास ते का, तेही कळलं. वासाचं तुझ्याही लक्षात आलंय. तू माझ्यावर पांघरूण घालायला निघालास आणि मी काय केलं, तर साबणाच्या फेसाचं लिहिलं. त्या लाल केसांच्या माणसाने माझं काय वाकडं केलं होतं? मी त्याला एकदाच पाहिलाय. तो बादली घेऊन चालला होता.

मला कामाची भीती वाटली. एवढंच. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, पाय माझा भाऊ बांधतो. आता त्याच सगळ्यांना काय सांगायचं, म्हणून भ्याले.

पत्र फाडलेलं नाही. ते, डबी आणि तीन पानं घेऊन अकराला येते. हे पत्र टोपलीतून जाणार नाही, टोपली बंद आहे. मुकादमांच्या हाती देते. ते वेळेवर पोचवतील का माहीत नाही. तुला न विचारता येते आहे. रागाव.

ताई

---

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तीन महिने घोड्याच्या पायाला हात लावायचा नाही, वास आला तेव्हाच बोलला नाहीस म्हणून. पण तबेल्यात ठेवलंय हे वाचून मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. जावई नव्या माणसाला पाय देत नाही हे वाचून बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

इथलं सांगायचं तर मुकादमांनी मला त्याच दिवशी सोडलं. भांडले नाही. त्यांचं बरोबर होतं. आता एका हॉटेलच्या चादरी धुते. चादरी कुणी चघळत नाही. इथेही कागद दिला होता. मी म्हटलं, उद्या देते. घरी नेला, दोन दिवस घेतले, मग सही केली. त्यांनी तोंडं वाकडी केली. करू दे.

शर्यत हलकं सोडलेल्या कुठल्याशा घोड्याने मारली म्हणे. मी गेले नाही.

तू विचारतोस, त्या खोलीत मी एकदाही वर का पाहिलं नाही. सांगते.

मधल्या पंचांनी विचारलं, बाई, तुम्हाला वाचता येतं का. मी म्हटलं येतं, कुणी वेळ दिला तर. ते म्हणाले घ्या वेळ. तेव्हा दुसऱ्या पानाची चौथी ओळ मी मोठ्याने वाचली. पट्ट्या धुणाऱ्याने हातास कोणतेही मलम अथवा औषध लावू नये. नऊ शब्द. आदल्या दिवशी वाचलेले, तरी 'अथवा'पाशी अडकले. जोडाक्षर नाही, काही नाही, साधा शब्द, पण तो घरात कोण बोलतं! कुणी हसलं नाही, तेच वाईट. तेवढ्या वेळात तुमचा जावई दोन मैल पळून परत आला असता. शेवटच्या पाव मैलात शिसं बोलायला लागतं म्हणाला होतास ना. बोलतं.

वाचून झाल्यावर मान वर करता आली असती. तू समोर होतास, टेबलाएवढ्या अंतरावर. पण मान उचललीच नाही. पंचांनी तुला घेऊन जायला सांगितलं, घोड्याची गाडी थांबली होती. दारात तू थांबून ताई म्हणालास. मी ऐकलं. मला ऐकू आलं नसेल असं तुला वाटतं, तू तसं लिहिलं आहेस, म्हणून सांगते. ऐकलं आणि कागदाकडे बघत राहिले.

तेव्हा अठरा वर्षांनी भाऊ आला आणि मला त्याचे बूट तेवढे माहीत. तपकिरी, डाव्याची नाडी दोन ठिकाणी गाठ मारलेली. नवी नाडी घे. आणि एक फोटो पाठव, टोपी काढून.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. मी मागत नाही. उरला असेल तो राहू दे.

तुझी ताई