अप्पांच्या माठातलं नितळ पाणी

अप्पा, आज आमच्या ऑफिसात जुने सेल गोळा करायची पेटी ठेवली. सगळे कौतुक करत होते, आणि मला तुमचा माठ आठवून कसंसंच झालं.

तेव्हा येलहंक्याला आपल्या गल्लीतल्या बोअरचं पाणी गंजासारखं तांबडं यायचं. प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची. तुम्ही बसवनगुडीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतून संपलेले सेल पिशवी भरभरून आणायचात, आणि आई म्हणायची, "लोक येताना मोगरा आणतात, आमचे हे मेलेले सेल आणतात." तुम्ही सेल फोडता, आतली काळी पूड दहा पाण्यांनी धुता, माठात वाळूवर तिचा थर देता, आणि खालून नितळ पाणी ठिबकतं. केवढे खूश झालात तुम्ही! गल्लीतल्या पाच घरांना हौसेने असे माठ करून दिलेत आणि प्रत्येकाला बजावलंत, प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत हे पाणी फक्त भांड्यांना आणि कपड्यांना.

तपासणीला चार महिने लागले. पाण्यातलं लोखंड गेलं होतं, पण सेलांतला पारा थोडा थोडा उतरत होता. तोवर ती पाचही घरं ते पाणी पीत होती. तुम्ही माठ परत मागत दारोदार फिरलात, मी सोबत होते. शेजारच्या कानडी अक्का हसल्या. "स्वल्पच आहे ना, अण्णा? स्वल्पाने काय होतंय? इतकं छान पाणी या बोअरला कधी आलं नव्हतं." तुम्ही हात जोडलेत. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही.

दोन वर्षांनी अक्कांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयाने असेल, पाण्याने असेल, आता कसं सांगणार? त्या 'असेल'ने तुम्हाला आतून पोखरलं. जेवता जेवता मध्येच थांबून विचारायचात, "मी बजावलं होतं ना गं? मग प्यायला कुणी सांगितलं असेल?"

मी सांगितलं होतं, अप्पा. माठ दिल्याच्या आठवड्यातच अक्कांनी कंपाउंडवरून विचारलं, "काय गं, प्यायला सरी ना? चालेल ना?" मी बी.एस्सी.ला होते, आणि तुमचा अभिमान पोटात मावत नव्हता. म्हणाले, "अप्पांनी केलंय, अक्का. बिनधास्त प्या." अक्कांनी ते गल्लीभर केलं. तुम्ही होतात तोवर तोंड उघडायचं धाडस झालं नाही, आता हे कुठे पाठवू? तुम्ही विचारायचात, आणि मी मान खाली घालून आमटी वाढून घ्यायचे.