बाबांच्या गाडीतलं पाणी

सत्यजीत,

गाडीची किल्ली शोधू नकोस, माझ्याकडे आहे. इराची लस आहे आज, तिला रिक्षाने नेतेय. तुझा डोळा लागला होता, उठवलं नाही. पोहे झाकून ठेवलेत.

काल तू ऑफिसला गेल्यावर गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता. दुपारपर्यंत ओला झाला, डाग गंजाच्या रंगाचा. कळंबोलीहून मेकॅनिक बोलावला. रेडिएटरचा खालचा पाइप तडकलाय. तो म्हणाला, "ताई, ह्यात कूलंट नाहीच, नुसतं नळाचं पाणी. रेडिएटर आतून गंजलाय. घाटात इंजिन तापून बंद पडेल." आणि तू उद्या आईंना आणि इराला घेऊन पुण्याला निघतोयस.

बाबा रोज पूजा झाली की तांब्या घेऊन खाली जायचे आणि गाडीत पाणी घालायचे. ते गेल्यापासून तू जातोस, तोच तांब्या घेऊन. आई गॅलरीतून बघत राहतात. पाइप बदलला की रोज पाणी घालायला जावं लागणार नाही, म्हणून तू टाळतोयस, हे कळतं मला. पण मागच्या सीटवर इरा असते रे.

मेकॅनिक संध्याकाळी येईल. पाइप आणि रेडिएटर, दोन्ही बदलू दे. त्याच्यावर चिडू नकोस.

गाडी नीट झाली तरी सकाळी खाली जात जा. तांब्याही ने. काचा पुसायला पाणी लागतंच.

आभा