बिब्ब्याचा डाग

२ फेब्रुवारी
गेले एकदाची कातडीच्या डॉ. बाईंकडे. शेवटचा पिंपल दिवाळीत गेला, डाग मात्र ठाण मांडून बसलेत. बाईंनी आधी मला बोलू दिलं. आजवर काय काय लावलं? लिंबू. टूथपेस्ट. उगाळलेलं जायफळ. मेडिकलवाल्याने दिलेली बिननावाची ट्यूब. त्या प्रत्येकाला नुसती मान हलवत होत्या, मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं झालं. "आता यातलं काहीही नाही," म्हणाल्या. सकाळी साधा फेसवॉश, क्रीम, वर सनस्क्रीन. रात्री डागांची क्रीम, मुगाच्या दाण्याएवढी, एक दिवसाआड. तीन महिने तरी धीर धरायचा.
मग डाव्या गालावर, जबड्यापाशी बोट ठेवलं. "हा पिंपलचा नाही. काय झालं होतं?"
"भजी तळताना तेल उडालं."
पापणी लवली नाही माझी. अकरा वर्षांत काय सफाई आलीय, मने!

५ फेब्रुवारी
सनस्क्रीन (रोज एवढं कोण लिहिणार, 'स.') लावून ऑफिसला. ॲडमिशनच्या खिडकीत बसून घाम आला की पांढरे ओघळ. स्कूटीवर बांधायचा स्टोल रोज धुवायचा म्हणे, घासतो आणि मळतो. चार स्टोल काढले. त्यातला पिवळा बारावीचा निघाला. गल्लीतल्या रेखाबरोबर शिरपूरच्या बाजारात घेतला होता, तिने तसाच हिरवा घेतला. टाकवत नाही, वापरवतही नाही. परत घडी घातली.

११ फेब्रुवारी
रात्रीच्या क्रीमने चुणचुण होते. होऊ दे.
आज खूप वर्षांनी आठवलं, मी आणि रेखा एसटीच्या खिडकीत एकमेकींचे पिंपल्स मोजायचो. गाव ते शिरपूर, पाऊण तास. जिचे जास्त तिने कुल्फी द्यायची. नेहमी मीच द्यायचे. गोरं करायची क्रीम दोघींत एक, ट्यूब संपली की कात्रीने कापून आतून पुसून घ्यायची. कापूस विकला जाईपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला असायचा. त्यावर पालथं पडून अभ्यास. अंगभर खाज सुटायची, तरी उठायचो नाही. तेवढं मऊ पुन्हा कशावर झोपले नाही मी.

२२ फेब्रुवारी
घरी जाऊन आले. माय दारातच, "काय वं, तोंडले काय चुना लाई ऱ्हायनी?" आबा पेपरमागे हसले. औषध आहे म्हटल्यावर मायने हनुवटी धरून तोंड उजेडात फिरवलं. नेहमीसारखी त्या डागापाशी थांबली. मग नेहमीचंच. "त्या रेखानी मनी पोरनं तोंड जाळी टाकं."
मी चहा प्यायले.

१ मार्च
लिहून टाकते. इथे कोण वाचतंय.
बारावीची परीक्षा नुकती संपलेली. मला बघायला पाहुणे येणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी गालावर हा टपोरा पिंपल. रेखाच्या आजीच्या टाचेत काटा मोडला की ती बिब्बा दिव्यावर तापवायची, सुई टोचून त्याचं तेल लावायची. काटा वर यायचा, दुखणं ओढून निघायचं. मला वाटलं, टाचेचं ओढतो तर गालाचंही ओढेल. अक्कल! रेखा नाही म्हणत होती. "आजी पायलेच लावस वं, तोंडले नई." मी ऐकलं नाही. रडले, शपथ घातली. तेव्हा तिने दिवा लावला. "हालू नको," म्हणाली आणि एक ठिपका टेकवला.
सकाळी फोड. दुपारी पाहुणे चहा घेऊन उठले. मुलाच्या आईने निघताना नुसतं माझ्या गालाकडे पाहिलं.
पाहुणे गेले तशी माय तडक रेखाच्या दारात. गल्ली गोळा झाली. पोरीचं भलं बघवत नाही, जळते, मुद्दाम केलं, काय वाट्टेल ते बोलली. मी आमच्या ओट्यावर उभी होते. रेखाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला हवं होतं, मीच लाव म्हटलं. सांगितलं नाही.
वाईट याचं वाटतं की आतून मी खूश होते. लग्न टळलं होतं. आबा म्हणाले, डाग जाईपर्यंत शिकू दे. डाग गेला नाही, मी बी.कॉम. झाले, एम.कॉम. झाले, नोकरी लागली. आणि रेखाच्या घरच्यांनी, नाव खराब झालं म्हणून, त्याच उन्हाळ्यात तिला शिंदखेड्याला देऊन टाकलं. मार्क माझ्यापेक्षा जास्त होते तिचे. लग्नाला मी गेले नाही. डोकं दुखतं म्हणाले.

८ मार्च
बाकीचे डाग फिकट होतायत. कपाळावरचे तर शोधावे लागतात. ऑफिसात दोघींनी विचारलं, काय लावतेस? मान ताठ झाली.
हा एक तेवढा ढिम्म. आजपासून त्याच्यावर क्रीम रोज. सकाळ-संध्याकाळ. बघतेच कसा जात नाही.

१३ मार्च
आग आग. लाल झालाय. तरी लावली.

१६ मार्च
कातडी सोलली. खाली आधीपेक्षा काळा. आरशात बघून रडू आलं, मग स्वतःचाच राग आला. तेव्हाही हेच केलं होतं, अतिघाई. अकरा वर्षांत काडीचा फरक नाही.

१७ मार्च
डॉ. बाई पाच मिनिटं ओरडल्या. कुणी सांगितलं दोनदा लावायला? तेलाचा डाग असा वागत नाही. खरं सांगा, काय लावलं होतं?
"बिब्बा," म्हटलं.
"कुणी लावला?"
ओठांवर घरचं ठरलेलं उत्तर आलं होतं, मैत्रिणीने. ते गिळलं. "मीच लावून घेतला. ती नको म्हणत होती."
बाईंनी लिहून घेतलं, पान उलटलं. त्यांच्यासाठी एवढंच होतं. दोन आठवडे सगळं बंद, फक्त साधी क्रीम आणि स. पुढे हलका होईल, पूर्ण जाईल असं नाही. पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं, तेही फी भरून.

२९ मार्च
मायचा फोन. आखाजीला ये, तोवर आंबे उतरतील. मग आवाज बदलून, "ती रेखा बी येई ऱ्हायनी यंदा. भाऊ लेवाले जाई ऱ्हायना तिले." इतक्या वर्षांत एकाही आखाजीला आली नव्हती ती. अक्षय्य तृतीयेला सगळ्या पोरी माहेरी यायच्या, रेखा तेवढी नाही. आणि मी दरवर्षी गावच्या झोक्यावर जाऊन बसायचे, शेजारी जागा ठेवून. सवय. कुणी विचारलं तर म्हणायचे, पिशवी ठेवलीय.

६ एप्रिल
क्रीम पुन्हा सुरू, एक दिवसाआड, मुगाएवढी. आता शहाण्यासारखी.
गाल सुधारतोय. पण आज वेगळीच भीती वाटली. समजा हाही गेला. मग माय म्हणेल, झालं गेलं विसर. सगळे विसरतील आणि खोटं तेवढं कायम राहील. आखाजीला सांगायचंच. आधी मायला.

१८ एप्रिल
गावी पोचले. ऊन असं की स. लावल्या लावल्या वितळतं. गल्लीत शिरताना रेखाच्या दारात एक मुलगी खेळताना दिसली, सात-आठ वर्षांची. नाक तेच. आतून हाक आली, मुलगी आत पळाली. आवाज ओळखला मी. भरभर चालत घरी आले, भित्री कुठली.
रात्री मायला सांगणार होते. आबा जागे होते. उद्या.

१९ एप्रिल, आखाजी
माय चुलीवर खापर ठेवून मांडे करत होती. हातावर मांडा फिरवताना तिच्याशी बोलायचं नसतं, लहानपणापासूनचा नियम. आज मोडला. एका दमात सगळं सांगितलं, शपथेचं, रडण्याचं, ओट्यावर गप्प उभं राहिल्याचं. मांडा फाटला. फाटलेलाच तिने खापरावर टाकला. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.
तिने पुढचा गोळा हातावर घेतला. मग म्हणाली, "मंग मी तिले इतलं बोलनू कसाले?"
सगळे मांडे झाल्यावर तिने हात धुतले, लुगडं बदललं. डब्यात चार मांडे, तांब्यात रस. मी चप्पल घालायला लागले तर म्हणाली, "तू नको येऊ. बोलेल मी शे, मीच जास." बोलली ती, तर जाणारही तीच.
आबांना काही कळलं नाही. "कुठे गेली गं?" विचारतात. शेजारी, म्हटलं.

तिला जाऊन तास झाला. भांडणाचा आवाज नाही, कसलाच नाही. मघाशी ती मुलगी बाहेर आली, आमच्या घराकडे बघून परत आत गेली. म्हणजे माझं नाव निघालंय. रेखा काय म्हणत असेल? माय जन्मात कुणाची माफी मागायला गेली नव्हती, सासूचीही नाही. आज पदर सावरून गेली, त्याच दारात, माझ्या वाट्याची माफी मागायला. आणि मी ओट्यावर बसून लिहितेय. त्या दिवशीही इथेच उभी होते.

रेखा दारातून हाकलेल. हाकलू दे.

उठते.