हुशार कीड

बाबा, आज बाजारातून वांगी आणली आणि विळीवर पहिलंच वांगं चिरताना हात थांबला. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी एक सांगायचं राहून गेलंय.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. नागपूरचा रेडिओ नुकताच सुरू झाला होता आणि वलगावचा एक भाजी पिकवणारा माणूस त्यावरून लोकांना पोट धरून हसवत होता. अमरावतीच्या बाजारात तुम्ही गिऱ्हाइकांना इतकं हसवायचात की कुणीतरी तुम्हाला थेट तिथवर नेलं. मी सासरी, अकोल्याला. माहेरी आले की तुम्ही विचारायचात, "काय नवीन, बाई?" आणि मी घरातलं सगळं ओतायचे. मामंजींचं तर विशेष. दारावर भाजीवाली आली की ते अडकित्त्यानं एक वांगं फोडून बघत. कीड निघाली तर भांडत, नाही निघाली तर जास्तच भांडत. तुम्ही ते रेडिओवर घ्याल हे मला कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी सगळं घर रेडिओभोवती बसलंय. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पिठाची परात. तुमचा आवाज येतो, वांगं फोडून बघणाऱ्या एका म्हाताऱ्याचा, "कीड दिसत नाही, मंजे लय हुशार कीड आहे. वापस ने थे वांगे." जाऊबाई पदर तोंडाशी नेतात. मामंजी हसत नाहीत. उठतात, चपला घालतात आणि बाहेर पडतात. परत आले, जेवले आणि रेडिओकडे न बघताच झोपायला गेले. एका उलट उत्तरापायी त्यांनी जाऊबाईंना सहा महिने माहेरी बसवलं होतं. मी तर अख्ख्या वऱ्हाडात त्यांचं हसं केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी वलगावला निरोप धाडला, माझं घर मोडायचं नसेल तर तो म्हातारा बंद करा. तुम्ही सगळंच बंद केलंत. नागपूरहून बोलावणी येत राहिली, तुम्ही गेला नाहीत. दिवाळीला मी विचारलं, "कावून जात नाही, बाबा?" मुळ्याच्या जुड्या बांधता बांधता तुम्ही म्हणालात, "तोंड उघडलं का तुह्या घराचं दार दिसते, बाई. मंग सुचतच नाही."

वर्षभरानं मामंजींनीच विचारलं, "तुह्या बाबाचा तो वांगे फोडणारा बुढा कावून येत नाही आता? हुबेहूब आपल्या मागच्या गल्लीतल्या बार्शीटाकळीवाल्यावानी होता. म्या त्या दिवशी तसाच उठून त्याले, 'रेडिओवर तूच होता', असं सांगाले गेलो, तर गड्यानं माह्याशी बोलणंच टाकलं." एवढं बोलून ते अडकित्ता घेऊन दारावरच्या भाजीवालीकडे गेले.

त्यानंतर तुम्ही दहा वर्षं होतात. दर दिवाळीला मामंजींचं हे बोलणं ओठावर आलं तरी मी गिळलं. तुम्ही रागावला असतात तर सोसलं असतं. पण तुम्ही पोट धरून हसाल, आणि माझ्या त्या निरोपापायी ते हसू ऐकायला मी एकटीच असेन, याची मला भीती वाटायची.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. देठं नि सालांसोबत जाईल. आजचं वांगं स्वच्छ निघालं, बाबा. तरी मी दुसरं फोडून पाहिलं.