सावित्राबाईंनी नेलेला राजा

लोणावळे,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५९

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाची लीला हिचा वाकून नमस्कार. (वाकून केला, पण इथून पुढे पत्र संपेपर्यंत मी ताठ उभी आहे असं समजावं.) आम्ही उभयता खुशाल आहोत. तुमचं पित्त कसं आहे आणि मामींच्या गुडघ्याला लेपाचा गुण आला का, ते कळवावं. हे पत्र जेवण झाल्या झाल्या वाचू नये. थोडी शतपावली करावी आणि मग उघडावं, म्हणजे पित्ताचं खापर माझ्या डोक्यावर फुटायचं नाही.

तुमचं पत्र पोचलं. त्यात तुमची आज्ञा अशी की आमची हौशी नाटक मंडळी मी मोडावी, भाद्रपदातल्या प्रयोगाबद्दल तुमची लेखी क्षमा मागावी आणि त्या विलायती महाकवीचं नाव आमच्यापैकी कुणी यापुढे उच्चारू नये. शेवटची आज्ञा पाळते. या पत्रात त्यांचं नाव येणार नाही, मी त्यांना नुसतं महाकवी म्हणेन. बाकीच्या दोन पाळणार नाही. का पाळणार नाही ते सविस्तर लिहिते, कारण नकार द्यायचा तर कारणासकट द्यावा हे मला तुम्हीच शिकवलंत. आता त्याचं फळ भोगा.

आमच्या मंडळीला तुम्ही पोरखेळ म्हटलं आहे. मामा, पोरखेळ एका पावसात विरून जातो. आम्ही किती पावसाळे काढले ते जरा ऐका. आमचं पहिलं नाटक पौराणिक होतं आणि ते झालं मालधक्क्यावर (हे तिथे कारकून असल्यामुळे जागा आणि पडद्याला ताडपत्री, दोन्हीची सोय झाली). त्यात देव ढगातून खाली उतरतो असा प्रवेश होता. स्टेशनावर गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकणारे हौशीराम, ज्यांचा आवाज मुंबईकडे निघालेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत पोचतो, ते देव झाले होते. त्यांना दोरानं सोडलं, तर कप्पी अर्ध्यात अडकली. तिथेच लोंबकळत त्यांनी पूर्ण प्रवेश म्हटला, वर भक्ताला वर दिला, आणि भक्तानं टाचा उंचावून तो घेतला. लोकांना वाटलं, देव असाच अधांतरी असायचा. बायकांनी खालून हळदकुंकू वाहिलं. तुमच्या पुण्याच्या नाटकगृहात देवाला कुणी हळदकुंकू वाहिलेलं मला आठवत नाही.

दुसरं नाटक विधवाविवाहावरचं. त्यात नायिकेचं काम करणाऱ्या तारमास्तरांना आयत्या वेळी गालगुंड झालं. गाल असे फुगले की नायिकेवर कुणाचं प्रेम बसेल हे संभवेना. नाटकाची सगळी नक्कल, शब्दन् शब्द, मला पाठ होती, म्हणून मी लुगड्याचा पदर खोचला आणि पुढे झाले. लोणावळ्यात बाईनं बाईचं काम केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आभाळ कोसळलं नाही. पहिल्या रांगेतले दोन वकील उठून गेले, पण त्यांच्या बायका बसून राहिल्या. त्या दिवसापासून मंडळीची सूत्रं माझ्याकडे आली.

आता मूळ मुद्दा. महाकवींचं ते नाटक, ज्यात म्हातारा राजा लाडीगोडी लावणाऱ्या दोघी थोरल्या मुलींना राज्य वाटून देतो आणि खरं बोलणाऱ्या धाकटीला हाकलतो, ते मी मराठीत उतरवलं आणि तुंगार्लीच्या तळ्यावरच्या माळावर दिवसाउजेडी करायचं ठरवलं. उघड्यावर का, असं तुम्ही विचारलं आहे. कारण सभागृहाच्या चालकांनी आम्हाला जागा नाकारली (त्या दोन वकिलांपैकी एक तिथे चिटणीस आहेत). आणि कारण राजा वादळात भटकतो तो प्रवेश छपराखाली करणं मला खोटं वाटलं. राजा झाले वराळ्याचे महिपती. त्यांचं वय चाळिशीचं, पण तागाची दाढी लावली की आजोबा दिसत. थोरली मुलगी हौशीराम (मिशी काढायला त्यांनी नकार दिला, तेव्हा मिशीवरून पदर घेतला), मधली मुलगी हे, आणि धाकटी मी.

पाऊस उघडला होता. भाजे गावापासून माणसं आली, वरच्या वाडीतली माणसं गुरं सोडून आली. तुम्ही मफलर गुंडाळून, छत्री घेऊन पुढच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला होतात, आणि तुमच्यासमोर आपण काम करतो आहोत याचा मला अभिमान वाटत होता. तो अजूनही आहे, म्हणून तर एवढं लिहिते आहे.

वाटणीच्या प्रवेशात भाज्याचे भिमाजी आबा प्रेक्षकांतून उठले हे तुम्हाला फार लागलं आहे. ते म्हणाले, "राजेसायब, जित्तेपणी वाटणी करू नगा. म्हागनं कुत्रं इचारायचं न्हाई." महिपती थबकले, माझ्याकडे पाहिलं, आणि आबांना हात जोडून म्हणाले, "आबा, मला बी पटतंय. पर नाटकात तसंच लिवलंय, काय करू?" याला तुम्ही रसभंग म्हणता. मामा, ज्या माणसानं चार भावांच्या बांधावरची भांडणं आयुष्यभर सोडवली, तो महाकवींचं पहिलं पान ऐकताच शेवटचं पान सांगून मोकळा झाला. त्याला गप्प बसवायला माझी जीभ उचलली नाही.

मग धुकं आलं. आमच्याकडे ते येतं तसं आलं, दरीतून वर चढत, काही न विचारता. राजा आभाळाला शिव्याशाप देत माळावर फिरत होता आणि हौशीराम झाडामागे पत्रा बडवून गडगडाट करत होते. बघता बघता राजा दिसेनासा झाला. आवाज येत होता, पण तो लांब लांब जात होता. मी म्हटलं, वा, काय काम करतात महिपती. मग आवाजही थांबला. हौशीराम बिचारे पत्रा बडवतच राहिले. वादळ होतं, राजा नव्हता.

शोधत निघालो तर वाडीतल्या पहिल्या झोपडीत धूर दिसला. आत चुलीशी महिपती घोंगडी पांघरून बसलेले, मुकुट बाजूला पाटीवर, हातात नाचणीची भाकरी. शेजारी सावित्राबाई. या बाई वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. धुक्यात त्यांनी राजाचा हात धरला आणि सरळ घरी आणला. महिपती म्हणाले की मी दोनदा सांगितलं, मावशी, नाटक आहे. पण त्यांची पकड सुटेना. मीही समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, "नाटक आसंल. पर मानूस भिजलाय का न्हाई?"

मामा, मी ते नाटक तुमच्याकडे शिकले, त्यावरच्या टीका वाचल्या, रात्र रात्र बसून भाषांतर केलं. हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. सगळे प्रेक्षक एव्हाना अंगणात जमले होते. सावित्राबाईंनी मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "धाकटी ती तूच का? मग हुबी का? बापाजवळ बस." मी बसले. बाप-लेकीच्या भेटीचा प्रवेश आम्ही तिथे, चुलीच्या धुरात केला. महिपतींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांना पुढचं वाक्य आठवेना. मलाही आठवेना. माझे वडील गेले तेव्हा मी पुण्यात तुमच्या घरी होते आणि भेट झाली नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. मी रडले ते नाटकातलं नव्हतं. अंगणात बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आणि कुणीही पुढची वाक्यं मागितली नाहीत.

नकलेप्रमाणे यानंतर धाकटी मरायची. हौशीराम खंजीर घेऊन शिपायांसह आले. सावित्राबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला हात लावायचा न्हाई. आमाला बी धाकटीच बघती." हौशीरामांनी पदर सावरला, माझ्याकडे पाहिलं, खंजीर कमरेला खोचला आणि गेले. नाटक तिथे संपलं. धाकटी जिवंत राहिली.

याला तुम्ही महाकवीचा खून म्हटलं आहे. पण हा खून तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही त्या वेळी माळावर, धुक्यात, रिकाम्या जागेसमोर खुर्चीत बसून होतात, आणि नंतर चिडून संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेलात. मी तुम्हाला आणायला हौशीरामांना पाठवलं होतं. ते म्हणतात, तुम्ही त्यांना ओळखलं नाहीत आणि "बाई, दूर व्हा" म्हणालात. माझं म्हणणं एवढंच की सगळे उठले तेव्हा तुम्हीही उठायला हवं होतं. क्षमा मागण्याजोगं मला यात काही सापडत नाही.

आता एक गोष्ट, जी सांगायची नाही असं हे म्हणत होते. तुम्ही तसंच पत्र मी शिकवते त्या शाळेच्या समितीलाही पाठवलंत. समितीनं मला बोलावून, पुन्हा रंगभूमीवर जाणार नाही असं लिहून द्या म्हणून सांगितलं. मी दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मला वर्गावर घेतलेलं नाही. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. आपल्या अक्षराला केवढं वजन आहे ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिते. माझ्या वर्गातल्या काही मुली संध्याकाळी ओसरीवर येतात. त्यांच्यातल्या एकीची आई त्या दोन वकिलांपैकी एकाची बायको आहे. आम्ही कविता वाचतो, आणि मंडळी मोडलेली नाही.

मामींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. पित्ताला कोकमाचं सार घ्यावं.

तुमचीच शिकवलेली, म्हणून न ऐकणारी,
लीला

ता. क. नाटक पुन्हा करणार आहोत, माघात, या खेपेला सुरुवातीपासूनच सावित्राबाईंच्या अंगणात. अडचण एकच आहे. महिपतींच्या भावांनी तो प्रयोग पाहिल्यापासून घरात खरोखरीच वाटणी मागितली आहे, आणि महिपती राजा व्हायचं नाव काढू देत नाहीत. सावित्राबाई म्हणतात, "औंदा तागाचा नगं, खरा म्हातारा आना." लहानपणी पुण्याच्या गच्चीवर तुम्ही आम्हा भावंडांना त्या राजाचं वादळातलं भाषण म्हणून दाखवायचात. शेजारचे खिडक्या लावून घेत आणि आम्ही भीतीनं एकमेकांना चिकटून बसत असू. तसा आवाज मावळात कुणाचा नाही. तालमी रविवारपासून. जेवायला पथ्याचं मिळेल.

ता. क. दुसरा. तुमचा नकार आला तर राजाचं काम मीच करणार. इतकी वर्षं पुरुषांनी लुगडी नेसली, कुणी शाळेतून काढलं नाही. दाढी लावून पाहिली. हे म्हणाले की मी हुबेहूब तुमच्यासारखी दिसते.