घसरगुंडीचं लाल फडकं

नागपूर, ९ मे १९८३, संध्याकाळ

धप्प! वीस वर्षं झाली, तो आवाज कानातून जात नाही. कळमेश्वर रोडवरच्या जलविहाराचा, म्हणजे पाण्यात घसरायच्या बागेचा, मी तेव्हा रखवालदार होतो. सोमवारी बाग उघडी असे, पण घसरगुंडीखालचं पाण्याचं टाकं रिकामं करून घासायचो. तेव्हा कोणी वर चढू नये म्हणून घसरगुंडीच्या शिडीला लाल फडकं बांधायचं. त्या सोमवारी शाळेतली कविता गुणगुणत बसलो अन् विसरलो. शंकर विणकर नावाचा बागेत आलेला एक जण वरून थेट कोरड्या फरशीवर आला. पाय कायमचा गेला. मालकांना मी सांगितलं, "फडकं होतं, यानंच सोडलं." त्यांनी जलविहारच बंद केला.

फडकं तर माझ्या खिशात होतं. अजून पेटीत आहे. कशाला जपलं?

आत्ता बायको सांगून राहिली, "अहो, दारात कोणी शंकर आले, कुबडीवर. म्हणतात, बाबूजीले एकच गोष्ट विचाराची हाय."

फडकं काढलं आहे. उठतो.